ओल्या रस्त्यावरची पकड : सायकलच्या टायरचा एक दुर्लक्षित इतिहास

सायकलच्या टायरचा इतिहास बहुधा वेगाचा आणि सुखकर प्रवासाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तसा सांगण्यात चूकही नाही, कारण हवेच्या टायरचा शोध मुळात हादरे कमी करण्यासाठी लागला आणि त्याचा प्रसार शर्यतींतील विजयांमुळे झाला. परंतु या इतिहासाला पावसाची म्हणून एक वेगळी बाजू आहे आणि तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. रोज कामावर, शाळेत किंवा बाजारात सायकलने जाणाऱ्या माणसाला पाऊस टाळता येत नाही. तरीही ओल्या रस्त्यावर चाक का घसरते आणि कोणत्या टायरने ते कमी घसरते, या साध्या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर हाती यायला टायरच्या जन्मानंतर जवळजवळ पाऊणशे वर्षे जावी लागली. मधल्या काळात मोटारीच्या चाकाकडून उसनी घेतलेली एक समजूत सायकलच्या दुकानांत पक्की रुजली. टायरवरची नक्षी जितकी खोल तितकी पावसातली पकड चांगली, ही ती समजूत होय. ती कोठून आली, तिला छेद देणारे ज्ञान कसे आणि कोणाकडून मिळाले आणि त्याचा रोजच्या सायकलस्वाराशी काय संबंध आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पॅरिसमध्ये लोकप्रिय झालेल्या पायडलच्या वेलोसिपीडला बैलगाडीसारखीच लाकडी चाके आणि त्यांवर लोखंडी धाव असे. फरसबंद रस्त्यावर ही गाडी हाडे खिळखिळी करी आणि पाऊस पडला की ओल्या दगडावर लोखंड टिकून राहील असे काहीच उरत नसे. रबर त्या काळी अज्ञात नव्हते. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबरात गंधक मिसळून ते तापवण्याची प्रक्रिया शोधली होती आणि इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यांनी तिचे पेटंट घेतले होते. व्हल्कनायझेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रक्रियेत रबराच्या लांबच लांब रेणूंमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात, त्यामुळे ते उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होणे थांबते. अशा रबराची भरीव पट्टी चाकाच्या लोखंडी कडेला चिकटवण्याची पद्धत १८७० च्या सुमारास रूढ झाली आणि पुढचे चाक अवाढव्य असलेल्या उंच सायकली याच भरीव टायरवर धावल्या.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना मात्र सायकलच्याही आधीची आहे. स्कॉटलंडमधील स्टोनहेवनचे रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी डिसेंबर १८४५ मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिचे पेटंट घेतले. रबराचा लेप दिलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण अशी ही रचना त्यांनी घोडागाडीला बसवली आणि १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये तिचे प्रात्यक्षिक दाखवले. गाडी हलकी चालली, आवाज करीनाशी झाली. परंतु रबर महाग होते, बनावट किचकट होती आणि ज्या हलक्या वाहनाला तिची खरी गरज होती ते वाहन अजून जन्माला यायचे होते. टॉमसन पुढे भरीव रबराच्या जाड धावांच्या वाफेच्या रस्तागाड्यांकडे वळले. त्यांतील काही गाड्या १८७० नंतरच्या वर्षांत लेफ्टनंट क्रॉम्प्टन यांनी पंजाबात सरकारी वाहतुकीसाठी चालवल्या, त्यामुळे भारताच्या रस्त्यांवर रबरी धाव आली ती सायकलबरोबर नव्हे, तर त्या वजनदार यंत्रांबरोबर, असे म्हणावे लागते.

टॉमसन यांची कल्पना पूर्ण विस्मरणात गेल्यानंतर, १८८८ मध्ये बेलफास्ट येथे पशुवैद्यकाचा व्यवसाय करणारे जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी ती पुन्हा शोधली. लाकडी चकतीभोवती पातळ रबराची नळी बसवून, तिच्यावर कापड गुंडाळून आणि तीत हवा भरून त्यांनी ते चाक अंगणात घरंगळत सोडले, तेव्हा ते भरीव टायरच्या चाकापेक्षा कितीतरी लांब गेले. त्याच वर्षी त्यांनी पेटंट घेतले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या मैदानावर विली ह्यूम या सायकलपटूने हवेच्या टायरवर शर्यती जिंकल्या आणि डब्लिनचे उद्योजक हार्वी डु क्रोस यांचे या शोधाकडे लक्ष गेले. टॉमसन यांचे जुने पेटंट उजेडात आल्यामुळे डनलॉप यांचे पेटंट पुढे रद्द ठरले. पण तोवर कंपनी उभी राहिली होती आणि तिने इतरांची अधिक उपयोगी पेटंटे विकत घेऊन आपले स्थान पक्के केले. १८८८ हे वर्ष मराठी वाचकांना दुसऱ्या एका कारणानेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानाने ज्या उद्योगाचा पाया घातला, तो किर्लोस्कर समूह आपला प्रारंभ याच वर्षापासून मोजतो. त्या वर्षी समुद्रापलीकडून येणाऱ्या सायकली साहजिकच भरीव टायरच्या होत्या, आणि बेळगावचा पाऊस ज्याला ठाऊक आहे त्याला त्या सायकलींवर स्वार होणाऱ्यांच्या अडचणींची कल्पना करता येईल.

डनलॉप यांचा टायर चाकाला कापडाने आणि चिकट द्रवाने कायमचा बांधलेला असे, त्यामुळे पंक्चर काढणे हे तासांचे काम होते. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या दोन्ही काठांत न ताणणारी तार घालण्याची आणि विल्यम बार्टलेट यांनी काठ रिमच्या वळलेल्या ओठात अडकवण्याची रचना मांडली. आजचा टायर या दोन्हींचा वारस आहे. फ्रान्समध्ये एदुआर आणि आंद्रे मिशलँ या बंधूंनी १८९१ मध्ये सहज काढता येणारा टायर तयार केला आणि त्याच वर्षी शार्ल तेरों याने त्यावर पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत साधारण ७१ तासांत जिंकून दाखवली. भारतातल्या साध्या सायकलीला आजही असणारा, आत बारीक रबरी नळी असलेला वुड्स वॉल्व्ह याच काळातला आहे. दहा वर्षांच्या आत टायर, ट्यूब, रिम आणि वॉल्व्ह यांची मूळ घडण ठरून गेली, ती इतकी पक्की की आजच्या दुरुस्तीवाल्याला त्या काळचे चाक हाती दिले तरी त्याचे अडणार नाही.

याच दहा वर्षांत ओल्या रस्त्याचा प्रश्न प्रथमच तीव्रतेने पुढे आला. इंग्रज सायकलस्वारांच्या लेखनात आडव्या घसरणीची, म्हणजे वळताना चाक एकाएकी बाजूला निसटण्याची, तक्रार सातत्याने येऊ लागली. तिची कारणे केवळ टायरमध्ये नव्हती. लंडनचे मोठे रस्ते त्या काळी एकतर घडीव दगडांचे किंवा लाकडी ठोकळ्यांचे असत, त्यांवर दररोज हजारो घोडे चालत आणि त्यांची लीद, धूळ व हलका पाऊस यांचा मिळून जो बुळबुळीत थर होई त्यावर कोणतेही चाक टिकणे कठीण होते. मुसळधार पावसाने हा थर धुऊन जाई, म्हणून जोराच्या पावसापेक्षा रिमझिम अधिक घातक, हे त्या काळच्या सायकलस्वारांना अनुभवाने कळले होते. हे निरीक्षण महाराष्ट्रात आजही तंतोतंत लागू पडते, कारण मे महिन्याच्या अखेरीस येणारा वळवाचा पाऊस किंवा जूनची पहिली सर रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि झिजलेल्या रबराची पूड यांना ओले करते, पण वाहून नेत नाही. आठवडाभर संततधार लागल्यानंतरचा रस्ता त्यामानाने पुष्कळच भरवशाचा असतो.

या तक्रारीला उत्तर म्हणून टायर बनवणाऱ्यांनी रबरावर रेघा, खाचा आणि उंचवटे काढायला सुरुवात केली. या प्रयत्नांना खरी गती मोटारीमुळे मिळाली. जर्मनीतील काँटिनेंटल कंपनीने १९०४ मध्ये नक्षीदार मोटार-टायर आणला, मिशलँने १९०५ मध्ये चामड्यावर पोलादी खिळे ठोकलेला टायर काढला आणि अमेरिकेत फायरस्टोनने १९०८ मध्ये ‘घसरत नाही’ अशा अर्थाची अक्षरेच टायरच्या पृष्ठावर तिरपी उठवली, जेणेकरून चाक ओल्या मातीवरून गेले की जाहिरातही उमटत जाई. या शेवटच्या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. नक्षी हे केवळ तंत्र नव्हते, तर डोळ्यांना दिसणारे आश्वासनही होते. रबराचा दर्जा ग्राहकाला दिसत नाही, नक्षी दिसते. म्हणून सायकलच्या टायरवरही मोटारीच्या नक्षीच्या लहान प्रती कोरल्या जाऊ लागल्या आणि दोन वाहनांची चाके ओल्या रस्त्याला एकाच रीतीने भिडतात की नाही, याचा विचार पुढची कित्येक दशके मागे पडला.

टायरचा काळा रंगही याच काळातला आहे. सुरुवातीचे टायर जस्ताच्या ऑक्साइडमुळे पांढुरके किंवा करडे असत. लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथील कारखान्यात १९०४ मध्ये असे आढळले की, अत्यंत बारीक काजळी मिसळली असता रबर कितीतरी अधिक चिवट होते आणि कमी झिजते. पुढील दहापंधरा वर्षांत काजळी सर्वत्र वापरली जाऊ लागली. या वाढत्या उद्योगाला लागणारे रबर कोठून येत होते, हे येथे नोंदवल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. हेन्री विकहॅम यांनी १८७६ मध्ये ब्राझीलमधून आणलेल्या बियांपासून श्रीलंका आणि मलाया येथे रबराचे मळे उभे राहिले आणि केरळात १९०२ मध्ये पेरियार नदीकाठी लागवड सुरू झाली, पण हे मळे चिकावर येईपर्यंतची मागणी काँगोच्या आणि ॲमेझॉनच्या जंगलांतील रानरबराने भागवली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या काँगोत रबराचा ठरलेला वाटा न आणणाऱ्या गावांवर जे अत्याचार झाले, ते युरोप-अमेरिकेतील सायकलीच्या भरभराटीच्या वर्षांतलेच आहेत. हवेच्या टायरचा कोणताही प्रामाणिक इतिहास त्या माणसांना वगळून लिहिता येत नाही.

नक्षीच्या बरोबरीने विचाराचा एक दुसरा प्रवाहही वाहत होता आणि तो अधिक खोल होता. जॉन फुलर्टन पामर या अमेरिकी संशोधकाने १८९० नंतरच्या वर्षांत असे दाखवले की, टायरच्या आतले कापड साध्या विणीचे असेल तर चाक दबताना उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून शक्ती खातात. धागे न विणता एका दिशेने समांतर मांडले, त्यांच्यामध्ये रबर भरले आणि दुसरा थर उलट्या तिरप्या दिशेने दिला, तर टायर लवचीक होतो आणि सायकल हलकी चालते. फ्रान्समधील सेंट-एतिएन येथे पॉल द व्हिव्ही हे गृहस्थ, जे व्हेलोसिओ या टोपणनावाने लिहीत, याच दिशेने विचार करीत होते. १८८७ पासून सायकलविषयक नियतकालिक चालवणाऱ्या व्हेलोसिओंनी डोंगराळ रस्त्यांवरच्या स्वतःच्या दीर्घ प्रवासांच्या आधारे रुंद, पातळ अंगाच्या आणि कमी हवेच्या टायरचा पुरस्कार केला. शर्यतीच्या मैदानावरील अरुंद, दगडासारखे कडक फुगवलेले टायर वेगवान असतातच, ही त्या काळची श्रद्धा त्यांनी नाकारली. त्यांचे म्हणणे खरे होते, पण ते मान्य व्हायला जवळजवळ शंभर वर्षे गेली.

भारतात या काळात जी सायकल घरोघर पोहोचली तिचा टायर या दोन प्रवाहांच्या मधला होता. हुगळीजवळ साहागंज येथे डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला आणि स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत व लुधियाना येथे सायकलींचे मोठे कारखाने निघाले. त्या सर्वांच्या साध्या सायकलीला २८ गुणिले दीड इंचाचा, म्हणजे आजच्या मोजणीने सुमारे ४० मिलिमीटर रुंदीचा टायर असे. विसाव्या शतकाच्या मध्यावर सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जाणारे कामगार, कचेऱ्यांतले कारकून आणि महाविद्यालयांचे विद्यार्थी याच टायरवर चार महिन्यांचा पावसाळा काढत. रुंद, मध्यम हवेचा आणि उथळ रेघांचा हा टायर ओल्या रस्त्यासाठी मुळीच वाईट नव्हता. त्या सायकलीचा खरा दुबळेपणा टायरमध्ये नव्हे, ब्रेकमध्ये होता, कारण क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर पाणी आले की ब्रेकचे रबर नुसते सरकत राही आणि सायकल थांबायला कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट अंतर लागे. मुंबईत याला आणखी एका संकटाची जोड होती. १८७४ मध्ये घोड्यांच्या आणि १९०७ पासून विजेच्या ट्राम धावू लागल्यापासून ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बंद होईपर्यंत रस्त्यांत रूळ होते, आणि ओल्या पोलादी रुळावरून तिरपे जाणारे चाक कोणत्याही नक्षीने सावरत नाही. रूळ काटकोनात ओलांडणे हा एकच उपाय होता.

ओल्या रस्त्यावर रबराला पकड नेमकी कशाने मिळते, याचे उत्तर केंब्रिजमध्ये मिळाले. १९५८ मध्ये ग्रीनवुड आणि डेव्हिड टेबर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला; त्यात त्यांनी रबराच्या पृष्ठावर साबणाच्या पाण्यासारखे वंगण लावून त्यावरून पोलादी गोळी किंवा टोकदार शंकू ओढला. वंगणामुळे रबर आणि धातू यांच्यातील चिकटण्याचे बल जवळजवळ नाहीसे होते, तरीही घर्षण शून्यावर येत नाही. याचे कारण असे की, गोळी पुढे जाताना रबर दाबले जाते आणि तिच्यामागे पुन्हा वर येते, पण दाबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही भाग उष्णतेच्या रूपाने गमावते. या गुणाला हिस्टरेसिस म्हणतात. ही गमावलेली ऊर्जा हेच ओल्या पृष्ठावरचे उरलेले घर्षण होय. ओला रस्ता म्हणजे अशा असंख्य बारीक टोकांचा समूह असतो, खडीचे कंगोरे रबरात रुततात आणि रबर जितके ‘सुस्त’, म्हणजे आकार परत घ्यायला जितके संथ, तितकी घसरणीला अडवणूक अधिक. के. ए. ग्रॉश यांनी १९६३ मध्ये घर्षणाचे चिकटणे आणि ऊर्जाऱ्हास हे दोन्ही भाग वेगवेगळ्या वेगांना आणि तापमानांना मोजून या विचाराला पक्के अधिष्ठान दिले. यातून निघणारा निष्कर्ष टायर निवडणाऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पावसातली पकड रबराच्या मिश्रणात आणि रस्त्याच्या खरखरीतपणात असते. खरखरीतपणा रस्त्याने द्यायचा असतो, टायरवर कोरायचा नसतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे आणि घासून गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक पावसात धोक्याचे का ठरतात, याचेही उत्तर यातच आहे, कारण रुतायला कंगोरेच नसतील तर रबराने काय धरावे?

मग मोटारीला नक्षी लागते, ती का? याचेही उत्तर त्याच सुमारास अमेरिकेच्या नासा संस्थेच्या लँगली केंद्रात वॉल्टर होर्न आणि त्यांचे सहकारी यांनी दिले. ओल्या धावपट्टीवर उतरणारी विमाने ब्रेक लावूनही का घसरत जातात, याचा अभ्यास करताना त्यांनी दाखवले की, ठराविक वेगाच्या वर चाकापुढील पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, पाण्याची पाचर चाकाखाली शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगते. हा वेग टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. दर चौरस इंचाला जितके पौंड दाब असेल त्याचे वर्गमूळ काढून त्याला १०.३५ ने गुणले की ताशी मैलांत तो वेग साधारणपणे मिळतो. मोटारीच्या टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर तरंगण्याचा वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो आणि मोटारी या वेगाने जातातच, म्हणून त्यांच्या रुंद, चौकोनी टेकणाऱ्या चाकाला पाणी वाहून नेणाऱ्या खाचा आवश्यक असतात. सायकलच्या टायरमध्ये ६० पौंड हवा धरली तर हाच वेग ताशी जवळजवळ १२९ किलोमीटर आणि १०० पौंडांना १६७ किलोमीटर इतका येतो. शिवाय सायकलचा टायर रस्त्याला टेकतो तो भाग अरुंद आणि होडीच्या तळासारखा लांबट असतो, त्यामुळे पाणी आपोआप दोन्ही बाजूंना फाकते. कामावर जाणारा सायकलस्वार ताशी पंधरा ते पंचवीस किलोमीटरने जात असतो. त्याचे चाक पाण्यावर तरंगेल अशी परिस्थिती डांबरी रस्त्यावर संभवतच नाही, आणि म्हणून पाणी हटवण्यासाठी कोरलेली नक्षी तेथे निरुपयोगी ठरते. उलट खाच म्हणजे रबर नसलेली जागा, त्यामुळे रस्त्याला भिडणारे रबर कमी होते आणि उंच गुट्ट्या असतील तर वळताना त्या दुमडून सायकल डळमळते.

हे ज्ञान विमानतळांवर आणि मोटार-उद्योगात लगेच वापरले गेले, सायकलपर्यंत मात्र ते उशिरा पोहोचले. व्यवसायाने यंत्र-अभियंते असलेले आणि सायकलच्या चाकाच्या रचनेवर १९८१ मध्ये प्रमाणभूत पुस्तक लिहिणारे कॅलिफोर्नियातील योब्स्ट ब्रँट यांनी १९८० नंतरच्या दशकात ॲव्होसेट या कंपनीसाठी संपूर्ण गुळगुळीत टायर विकसित केला आणि ओल्या-कोरड्या दोन्ही रस्त्यांवर तो नक्षीदार टायरपेक्षा कमी पडत नाही, असे आग्रहाने मांडले. ग्राहकांच्या मनातली भीती इतकी खोल होती की, पुढे कित्येक कंपन्यांनी मूलतः गुळगुळीत टायरवर निव्वळ मनाच्या समाधानासाठी बारीक रेघा उमटवणे चालू ठेवले, आणि आजही शर्यतीच्या बहुतेक टायरवर त्या दिसतात.

रबराच्या मिश्रणाचा प्रश्न याहून अवघड होता, कारण त्यात एक उघड विरोध दडलेला आहे. जे रबर ऊर्जा गिळते ते ओल्यात पकडते, पण तेच रबर चाक फिरताना प्रत्येक फेऱ्यात दबून सायकलस्वाराची शक्तीही गिळते. पामर आणि व्हेलोसिओ ज्या गुणामागे होते त्याच्या हे नेमके उलट आहे. या पेचातून सुटका झाली ती एका सूक्ष्म फरकामुळे. फिरणाऱ्या चाकाचे रबर सेकंदाला काही वेळा किंवा काही दहा वेळा दबते, तर खडीच्या कंगोऱ्यांवरून घसरू पाहणारे रबर सेकंदाला हजारो आणि त्याहूनही अधिक वेळा दबते. मंद गतीला चपळ आणि अतिजलद गतीला सुस्त असे मिश्रण बनवता आले तर दोन्ही साधते. काजळीच्या मोठ्या भागाऐवजी सिलिका, म्हणजे वाळूच्याच मूलद्रव्यांची अतिसूक्ष्म पूड, घालून आणि तिला रबराशी जोडणारे सिलेन हे रसायन वापरून मिशलँने १९९२ मध्ये मोटारीसाठी असे टायर बाजारात आणले, आणि पुढील वर्षांत सायकलच्या चांगल्या टायरमध्येही सिलिका रूढ झाली. डनलॉपनंतर ओल्या रस्त्यासाठी झालेली सर्वांत मोठी प्रगती हीच होय, आणि ती टायरकडे नुसते पाहून कळत नाही.

रुंदीच्या बाबतीत मत पालटले ते एकविसाव्या शतकात. १९८० आणि १९९० च्या दशकांत शर्यतीचे टायर २० ते २३ मिलिमीटरपर्यंत अरुंद झाले होते आणि त्यांचे अनुकरण करीत शहरातले हौशी सायकलस्वारही तेच वापरू लागले होते. सायकल-नियतकालिक चालवणारे जर्मन-अमेरिकी लेखक यान हाइन यांनी २००६ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर केलेल्या चाचण्यांतून असे मांडले की, खरखरीत रस्त्यावर कडक टायर स्वाराला आणि सायकलीला सतत हादरवतो आणि त्यात जी शक्ती वाया जाते ती प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत पिंपावर मोजता येत नाही. दहाएक वर्षांत व्यावसायिक शर्यतपटूही २५ आणि मग २८ मिलिमीटरवर आले. ओल्या रस्त्याच्या दृष्टीने यातला हिशेब सोपा आहे. मागच्या चाकावर ५५ किलो भार असेल तर १०० पौंड हवेच्या टायरचा जेमतेम ८ चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकतो, ६० पौंडांना तो १३ च्या आसपास जातो. दाब कमी तितके रबर कंगोऱ्यांभोवती अधिक मऊपणे बसते, खाचखळग्यांवरून चाक उडत नाही, आणि रस्त्याला टेकलेले चाकच पकडू शकते. मात्र अरुंद टायरमध्ये हवा कमी केली तर खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटते आणि दोन शेजारी-शेजारी भोके पडतात. म्हणून कमी दाबाचा लाभ घ्यायचा तर टायर रुंदच हवा.

पावसाळ्यात पंक्चर अधिक होतात, हा प्रत्येक दुरुस्तीवाल्याचा अनुभव आहे आणि तो खरा आहे. पाणी हे रबर कापण्यासाठी उत्तम वंगण असते, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर घसटून बाजूला पडली असती अशी काचेची कपची ओल्या टायरमध्ये सहज शिरते, आणि वाहून आलेली बारीक रेव व काटे ओल्या रबराला चिकटून प्रत्येक फेऱ्यात खोल जातात. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधण्याची आणि घासून, सोल्यूशन लावून ठिगळ चिकटवण्याची रीत शंभर वर्षांत बदललेली नाही. बदलले आहे ते टायरच्या आतले संरक्षण. केव्हलारसारख्या, १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेल्या कणखर तंतूची पट्टी किंवा लवचीक रबराचा जाड थर नक्षीच्या खाली घातला जातो. जाड थराने सायकल थोडी जड चालते, पण भर पावसात रस्त्याच्या कडेला चाक उघडण्यापेक्षा ती किंमत कमीच आहे.

या सर्व इतिहासाच्या आधारे महाराष्ट्रातल्या पावसात डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्याने रोज जाणाऱ्यासाठी निवड सांगायची तर ती अशी होईल. रिमवर ७०० सी असे लिहिलेले, म्हणजे टायर बसतो त्या जागेचा व्यास ६२२ मिलिमीटर असलेले चाक असेल, तर टायरच्या अंगावर २८-६२२ किंवा ३२-६२२ असा आकडा पाहावा. पहिला आकडा रुंदीचा असतो, आणि चौकटीत मडगार्डसह जागा असेल तर तो ३५ पर्यंत न्यावा, कारण मडगार्डाशिवाय पावसाळा काढणे हा स्वाराचाच नव्हे, साखळीचाही छळ आहे. पृष्ठ गुळगुळीत किंवा उथळ रेघांचे असावे, मिश्रण ओल्या रस्त्यासाठी म्हणून बनवलेले असावे, आत संरक्षक पट्टी असावी, आणि हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत न भरता स्वाराच्या वजनानुसार तिच्या बरीच खाली ठेवावी. कोकणातल्या तांबड्या चिखलाच्या किंवा कच्च्या वाटेने जाणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे; तेथे गुट्ट्या मऊ मातीत रुततात आणि नक्षी खरोखर उपयोगी पडते. जुन्या टायरविषयीही एक सूचना येथे आवश्यक आहे. नक्षी झिजली म्हणून डांबरावरची पकड जात नाही, मात्र रबर पातळ झाल्यामुळे पंक्चर वाढतात; पकड जाते ती ऊन आणि हवेतील ओझोन यांनी रबर कडक झाल्यावर. ज्या टायरच्या अंगावर बारीक भेगा दिसू लागल्या आहेत आणि ज्याचे रबर नखाने दाबले असता दबत नाही, तो नक्षी शाबूत असली तरी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी बदलावा.